एका ओळीत तटबंदी

९ सप्टेंबर, मंगळवार

अख्खी तटबंदी. एका क्षणात. मी या डोळ्यांनी पाहिली.

कुकर उतरवून बाहेर आले तेव्हा यांच्या लॅपटॉपवर किल्ल्याची पूर्वेकडची बाजू उघडी होती, नुसतं गवत. पदराला हात पुसेपर्यंत तिथे भिंत उभी! बुरुजापासून बुरुजापर्यंत, दगडाला दगड लागून. एवढ्या भिंतीला यांना पंधरवडा लागला असता.

"हे कसं झालं?" विचारलं. हे म्हणाले, "हं." जूनमध्ये झटका आला त्यात उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. आता दोनच शब्द उरलेत — हं आणि नाही. समजतं सगळं, पण शब्द बाहेर येत नाहीत. मला हे माहीत आहे. तरी त्या "हं"चा राग आला. वर यांनी डाव्या हाताने उजवा उचलून पटकन मांडीवर घेतला. कॉपी करणारी पोरं चिठ्ठी लपवतात तसा.

हा ठोकळ्यांचा गेम करमणुकीसाठी आणलेला नाही. फिजिओथेरपीला घरी येते ती अनुश्री म्हणाली होती, उजव्या हाताला रोज काम हवं आणि ते आवडीचं हवं. यांची आवड एकच, दिवाळीचा किल्ला. वीज मंडळात नकाशे काढून निवृत्त झालेला माणूस, दर वर्षी कॉलनीतल्या पोरांना घेऊन पार्किंगमध्ये माती कालवायचा, अळीव पेरायचा. यंदा ते जमणार नाही, म्हणून आमच्या मुलाने, मानसने, बंगळूरला परत जाण्याआधी हा गेम लॅपटॉपवर टाकून दिला. उजव्या हातात माऊस. एक क्लिक, एक दगड. हजार दगड म्हणजे हजार वेळा बोट दाबलं जाणार. साधं गणित.

डॉक्टरांनी सांगितलंय, जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच येतं. म्हणजे डिसेंबर. आणि इकडे भिंती आयत्या मागवणं चाललंय.

१० सप्टेंबर

मानसला फोन केला. चिरंजीवांनी लगेच कबूल केलं. फोनवरून कसलंसं बटण यांना दाखवून दिलं होतं म्हणे, गणपतीतच. गेमच्या आत एक पट्टी उघडते. तिच्यात तिरकी रेघ मारून हुकूम लिहायचा. रात्र असेल तर दिवस कर. पाऊस थांबव. इथून तिथपर्यंत दगड भर. की झालं.

"आई, ते डेव्हलपर लोकांसाठी असतं. टेस्टिंगला. गेम बनवणारे स्वतः वापरतात."

"तुझे बाबा गेम बनवताहेत?"

"नाही, पण बोअर होत असतील ना यार. एक एक ठोकळा!"

"त्या बटणाचं नाव काय आहे?"

हळूच, "चीट्स."

तीस वर्षं बारावीच्या परीक्षेला सुपरवायझर होते मी. मोज्यातून, टिफिनमधून, प्लास्टरमधून चिठ्ठ्या काढल्या आहेत. आता माझ्याच घरात, माझ्याच मुलाने, आजारी बापाला कॉपी पुरवली. आणि मलाच सांगतो, "आई, रिलॅक्स." मी फोन ठेवला.

११ सप्टेंबर

कीबोर्ड तेलाने माखलेला. सकाळी यांच्या उजव्या हाताला तेल चोळते, ते जिरायच्या आत हे जाऊन बसतात. तिरक्या रेघेची की तर चिकट झालीय. रोज पुसायचं ते मीच.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज पश्चिमेचा तट. तोही आयता.

मी दारात उभी राहिले की खेळणं थांबतं. टेबल भिंतीला लावलेलं, माझ्याकडे पाठ. पाठीवरूनच कळतं, काहीतरी चाललंय. स्वयंपाकघरात गेले की खट्... खट्... आवाज येतो. बाहेर आले की शांत. वर्गातही असंच असायचं.

ठरवलं, हे मीच बंद करणार. मानसच्या भरवशावर नाही. एम.एस्सी. झाले तेव्हा कॉम्प्युटर बघायलाही मिळाला नव्हता, पण इंग्रजी वाचता येतं. चष्मा लावून बसले. सेटिंग, त्याच्या आत सेटिंग, त्याच्या आत एक पान भरून बटणं. सापडलं. ढकललं. बंद.

स्क्रीन विचारते, नक्की करायचं का? नक्की.

१४ सप्टेंबर

बेबीवन्सं महूहून आल्या. यांची धाकटी बहीण. चपला काढायच्या आधी सुरू.

"वहिनी, एक तर दादाला बोलता येत नाही, वरून तुम्ही त्याला खेळू पण नाही देत. ग़ज़ब करता हो!"

"खेळायला नाही बसवलेलं."

"हो, क्लासमध्ये बसवलंय, वो तो दिख रहा है. काय रे दादा, आज होमवर्क केलं का?"

हे हसले. तोंडाची एकच बाजू हसते, पण हसले. माझ्यासमोर हसत नाहीत.

त्या बसल्या असतानाच यांनी काहीतरी केलं आणि स्क्रीनवर तांबडी अक्षरं आली. परवानगी नाही. यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. नीट, बराच वेळ.

"हाताने लावा," मी म्हटलं. "एक एक."

"नाही," हे म्हणाले. "नाही. नाही."

बेबीवन्सं म्हणाल्या, "लो. आता तो पण नाही म्हणतोय." चहा न घेता गेल्या. जाऊ देत. त्यांना इथे रोज राहायचं नाही. कोपर धरून उठवायचं नाही. पायजम्याची नाडी बांधायची नाही.

१७ सप्टेंबर

माऊस. क्लिक. क्लिक. पाठ जरा जास्तच ताठ. ठीक आहे. चिडून का होईना, काम होतंय.

२० सप्टेंबर

दिवसभरात पाच दगड लावले असतील. मग माऊसवर हात ठेवून नुसते बसून राहिले. मी म्हटलं, दिवाळी आली. हं सुद्धा नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

अनुश्रीने यांचा हात हातात घेऊन एक एक बोट उघडून पाहिलं.

"काकू, ये क्या हुआ? लास्ट टाइमला तर ही बोटं अलग अलग उठत होती. करंगळीसुद्धा. मी घरी जाऊन सांगितलं होतं, काकांची करंगळी आली म्हणून. आता परत मुठीसारखी होतेय."

"रोज माऊस चालवतात. मी स्वतः बघते."

"माऊस ठीक आहे काकू, पण त्यात एकच बोट चालतं. बाकी हात दाबून बसतो. आधी काय करत होते?"

"हेच."

"काहीतरी बदललंय, काकू. याद करो."

राग आला. पोरगी माझ्या मुलापेक्षा लहान, आणि मला आठवायला सांगते. मी काही बदललेलं नाही. उलट जे बिघडलं होतं ते सरळ केलं. ती गेल्यावर यांना म्हटलं, "ऐकलंत? तुमचं लक्ष नाही म्हणून होतंय हे." बोलताना आवाज चढला. शेजारच्या मंजिरीने खिडकी लावून घेतली, ते ऐकू आलं.

२६ सप्टेंबर

अनुश्रीने रात्री हाताला बांधायची पट्टी आणली. मूठ वळू नये म्हणून. आज ठोकळे नाहीत. लॅपटॉप उघडलाच नाही.

२८ सप्टेंबर

नाहीच.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. घरातली हत्यारं पुजायची. विळी, कात्री, माझा फळ्यावरचा लाकडी कंपास, यांची नकाशे काढायची पेटी. सगळं पुसून पाटावर मांडलं. यांचं सध्याचं हत्यार म्हणून लॅपटॉपही घेतला. कापड ओलं करून कीबोर्ड पुसायला घेतला, तर पुसण्यासारखं काही नव्हतं. कोरडा. स्वच्छ. धूळ तेवढी.

माऊस मात्र तेलकट.

कापड हातात घेऊन तशीच बसले. तेल मी फक्त उजव्या हाताला लावते. डाव्याला कधी लावलेलं नाही, त्याला गरज नाही. म्हणजे त्या वेळी कीबोर्डवर जे तेल होतं, ते उजव्या हाताचं. एंटरवर, आकड्यांवर, तिरक्या रेघेवर.

कॉलेजच्या सुट्टीत टायपिंग शिकले होते. बोटं आपोआप जागेवर ठेवली. तिरकी रेघ कुठे येते? उजव्या करंगळीखाली.

मी समजत होते, हे डाव्या हाताने हुकूम लिहितात आणि उजव्याला आराम देतात. ते उजव्यानेच लिहीत होते! एक एक बोट शोधून. मी आत गेले की. मला दिसू नये म्हणून, कारण धड जमत नव्हतं आणि मी बघितलं असतं तर म्हटलं असतं, असं नाही, तसं.

आणि लिहीत काय होते? मानसला फोन करून नीट विचारलं. भिंतीचं एक टोक, तीन आकडे. दुसरं टोक, तीन आकडे. मग दगडाचं नाव. त्रिमितीचे निर्देशांक. जन्मभर मी फळ्यावर काढले, यांनी नकाशात काढले. जो माणूस "पाणी" म्हणू शकत नाही, तो अख्ख्या किल्ल्याची मापं डोक्यात धरून बिनचूक लिहीत होता. त्याला मी कॉपी म्हटलं आणि बंद केलं.

"बाबांनी तुला काही सांगितलं नाही का रे?"

"कसं सांगणार, आई? आणि तुला मी सांगणार होतो, तू फोन ठेवलास."

झेंडूची फुलं वाहिली. हळदीकुंकू वाहिलं. लॅपटॉपला नमस्कार करताना स्वतःचाच संताप आला. बोल लावायला कुणी उरलं नव्हतं, माझ्याशिवाय.

२ ऑक्टोबर, दसरा

बटण परत चालू केलं. यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. म्हटलं, "लिहा. हवं ते लिहा."

"नाही."

सोनं द्यायला माणसं आली, गेली. हे त्या खुर्चीकडे फिरकले नाहीत. हट्टी! चाळीस वर्षं हाच हट्ट. मी चुकले, ठीक आहे, पण डिसेंबर माझ्यासाठी थांबणार आहे का? तुमचा हात आहे, माझा नव्हे. असं म्हणणार होते. त्याऐवजी आपट्याचं पान यांच्या उजव्या मुठीत ठेवलं. पडलं.

४ ऑक्टोबर

टेबल भिंतीपासून ओढून खिडकीजवळ लावलं. आता माझ्याकडे पाठ येत नाही. लपवायचं असेल तर लपवायला जागा नाही, आणि बघायचं असेल तर मला आत-बाहेर करायला नको. दुपारी मी भाजी निवडत समोर बसले. यांच्याकडे न बघता. हे फार अवघड काम आहे.

खट्.

बराच वेळ काही नाही. मग — खट्.

५ ऑक्टोबर, रविवार

पाहिलं. डाव्या हाताने उजव्या मनगटाला खालून आधार. करंगळी सुटी करायची, तिला तिरक्या रेघेपर्यंत न्यायचं. तेवढ्यात माझी एक पोळी भाजून होते. मूठ दोनदा मिटली. दोनदा उघडली. कपाळावर घाम.

ओळ पूर्ण झाली. एंटर. दक्षिणेचा तट उभा.

मी टाळी नाही वाजवली. म्हटलं, "दरवाजा राहिला त्यात." राहिलाच होता.

६ ऑक्टोबर

या गेममध्ये उंचीला वाय म्हणतात. झेड नव्हे, वाय! कुणी ठरवलं हे? मी मागे उभी राहून सांगतेय, "उंची झेड लिहा," आणि खंदक भरून निघाला. यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गेमची माहिती उघडून वाचली. वायच आहे.

नंतर मात्र खरंच यांचा आकडा चुकला. मी सांगितलं. परत चुकला, परत सांगितलं. आवाज चढतो माझा, वर्गाची सवय. "वजा! वजा लिहा तिथे! वजा राहिला!" मंजिरीची खिडकी परत बंद झाली.

७ ऑक्टोबर, मंगळवार

अनुश्री म्हणाली, "काकू, करंगळी वापस आ गई." पट्टी रात्रीच बांधा म्हणाली, दिवसा नको. मी तिला डबाभर चिवडा दिला. माफी मागायची होती, चिवडा दिला.

८ ऑक्टोबर

आज तोफा बसवत होते. एक जमिनीत गेली, एक हवेत लटकली. मी तव्यावरची पोळी सोडून मागे जाऊन उभी राहिले. "वाय बघा! आधी वाय बघा, किती वेळा सांगायचं!"

यांनी हात थांबवला. मनगट नीट केलं. करंगळी तिरक्या रेघेवर नेली. मग आकडे नाहीत. अक्षरं. एक. दुसरं. एक खोडलं, परत लिहिलं. आत पोळी करपल्याचा वास आला. मी हलले नाही. एंटर.

जूनपासून हं आणि नाही सोडून यांचे पहिले शब्द. इंग्रजी अक्षरांत, सवयीने आधी तिरकी रेघ मारून —

/ओरडू नको

खाली गेमने तांबड्यात उत्तर दिलं. असा हुकूम अस्तित्वात नाही.

आहे. मी गप्प उभी राहिले.