सुई न देणारा डॉक्टर

मलकापूर

सौ. रुख्मिणीस उकंडरावाचे मनापासून आशीर्वाद.

गेल्या बाजाराच्या दिवशी सकाळी मी कापसाच्या जिनिंगमधल्या माणसांसोबत ताकदीच्या सुईसाठी दवाखान्यात रांगेत उभा होतो. घाबरू नकोस. झोप लागत नव्हती आणि अन्न गोड लागत नव्हतं, एवढंच.

नव्या डॉक्टरांनी छाती, पोट, रक्त सगळं नीट तपासलं. म्हणाले, "आजार काही नाही. जेवता कोणासोबत?"

"भिंतीसोबत," मी म्हणालो.

"मग सुई भिंतीलाच द्यावी लागेल!"

बाहेर आल्यावर सोबतचा कचरू चिडला, "सुई देत नाही त डॉक्टर कायचा बे?" मला मात्र विठ्ठलच बोलल्यासारखं वाटलं. तू आणि आई पिंपळगावी, मी इथे. आणि त्या एकटेपणाला अशक्तपणा समजून मी दंड टोचून घ्यायला निघालो होतो!

आईचे गुडघे कसे आहेत? एस.टी.त बसवेल ना तिला? गाव सोडायला ती हो म्हणेल ना, एवढीच धाकधूक आहे.

कारण काल मी स्टेशनामागे मोठी खोली घेतली. आज चूल पेटवली, देवाला नैवेद्य दाखवला, तीन पाट मांडले आणि मधल्या पाटावर बसून पोटभर जेवलो.

वाट पाहणारा,
उकंडराव