चष्मा लावून या

दिघी
मंगळवार, १६ डिसेंबर २०२५

कुसुमताईंना दिघीच्या सोजरबाईचा मनापासून जयभीम.

पिंपळे सौदागरला थंडी कशी आहे? तुमचे गुडघे बरे असतील. आमच्याकडे सगळी खुशाल आहेत. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. रागावू नका, आहे ते आहे. शाळा माझी चौथीपर्यंतच, पुढचं रद्दीतल्या पेपरांनी शिकवलं. तेव्हा अक्षर सांभाळून घ्या.

तुम्ही सांगितलंत तसं माझ्या भाचीला, नेहाला, डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तुम्हीच नाव दिलेल्या. तुम्हाला तिथली एवढी खडान्खडा माहिती कशी, हे तेव्हा मी विचारलं नाही.

केवढी गर्दी होती हो! मला वाटलं, माझ्यासारखी मोतीबिंदूवाली म्हातारी माणसं असतील. कसलं काय, सगळी तरणीताठी, लेझर करून घ्यायला आलेली. बहुतेक मायनसवाली, म्हणजे जवळचं लख्ख आणि लांबचं धूसर. एकजण प्लसवाला, त्याचं सगळं उलटं. पोलीस भरतीची तयारी करणारी एक पोरगी होती. तिला चष्मा नको होता आणि का नको ते तिचं तिला पक्कं ठाऊक होतं. मला आवडली ती.

नेहाचा मायनस चार, शिवाय तिरका नंबर. डॉक्टरीणबाईंनी छान समजावलं. म्हणाल्या, हिचं बुबुळ चेंडूसारखं गोल नाही, आंब्यासारखं एकीकडे जास्त बाकदार आहे, म्हणून अक्षरांना सावली पडते. "ऑपरेशन होऊ शकतं. तुम्हाला का करायचंय?"

नेहा म्हणाली, "मला कुठं करायचंय? सासूबाई होणार आहेत त्यांना करायचंय."

"मग त्यांनाच घेऊन या की!"

आम्ही तिघी हसलो. बाहेर येऊन मात्र नेहा गंभीर झाली. "आत्या, मी नाही करणार. चाकणला दिवसभर ह्याच चष्म्यातून पार्टवरचे ओरखडे शोधते मी. कंपनीला चालतो, ह्यांना का चालत नाही?"

मी म्हटलं, "नको करू."

तिचा बाप जयसिंग, माझा भाऊ, चिडलाय माझ्यावर. चिडू दे.

पत्र इथंच संपवणार होते. पण आणखी एक आहे, आणि ते कसं लिहावं म्हणून मघापासून पेन हातात धरून बसलेय.

तुम्ही बघायला आलात तेव्हा मध्यस्थ उद्धवरावांनी नेहाला चष्मा काढायला लावला होता. म्हणून तर तिनं चहाचा पहिला कप तुमच्या धाकट्या बंटीच्या हातात दिला, नवरामुलगा समजून. तुम्ही सगळे हसलात. मग तिच्या नाकावरचे वण बघून तुम्ही चष्मा ओळखलात आणि लेझरची अट घातलीत. तुमचा रविराज तिला नुसता निळा शर्ट दिसला होता. त्याचा आवाजही कानावर पडला नाही, कारण बोलत तर तुम्हीच होतात.

तर दवाखान्यातून निघायच्या आधी आम्ही जरा बाकावर टेकलो. शेजारी एक तरुण बसलेला. डोळ्यांत थेंब घातलेले, पाणी गळतंय, मांडीवर जाड काचांचा चष्मा. नेहानं सहज विचारलं, "नंबर किती तुमचा?"

"मायनस सात. तिरका वेगळाच."

"बापरे, माझ्यापेक्षा मोठे ढापणे निघालात!"

तो मनमोकळं हसला. "एरवी लेन्स घालतो. तपासणीसाठी बंद करायला लावल्यात. लग्न जमतंय ना. आई म्हणते, मुलीकडच्यांना कळायच्या आत उरकून घे."

मी त्याला कधीच ओळखलं होतं, बघण्याच्या दिवशी नीट पाहिलेला. त्याला तिचा चेहरा दिसत नव्हता आणि तिनं त्याचा कधी पाहिलाच नव्हता. तेवढ्यात नर्सनं रविराजचं नाव पुकारलं, आडनावासकट. नेहा ताठ झाली.

"चष्मा लावा," ती म्हणाली.

त्यानं लावला आणि पांढराफटक पडला. "अहो, तुम्ही..."

"मी नेहा. तुम्हाला आज पहिल्यांदाच बघतेय. आपण भेटलो हे घरी आईंना सांगाल?"

"सांगतो," म्हणाला.

सांगितलं नसणार. सांगितलं असतं, तर काल ऑपरेशनची तारीख विचारायला तुमचा फोन आला नसता.

मुलगा वाईट नाही, ताई. तसा हसणारा मुलगा वाईट नसतो. ज्याला लेझर करायचंय त्यानं खुशाल करावं, डोळे ज्याचे त्याचे. पण धाकापोटी नाही. आणि स्वतःचं झाकून माझ्या पोरीला उणं ठरवायचं, हे तर मी चालूच देणार नाही.

रविवारी चहाला या. नेहा चष्मा लावून बसेल. रविराज चष्मा लावून आला आणि स्वतःच्या तोंडानं बोलला, तर पहिला कप त्याच्या हातात. पुढचं ती ठरवेल. लेन्स घालून आला, तरी चहा सगळ्यांना मिळेल. तेवढाच.

चष्मेवाल्या नेहाची चष्मेवाली आत्या,
सोजरबाई