गोधडीतली बिअर

सिंगापूर,
सप्टेंबर २००७

चि. पद्माकर यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. मला विमानतळावर सोडायला आलास तेव्हा माझी काठी क्षणभर तुझ्या हाती दिली आणि तू ती घेऊन घरी गेलास, हे तुला आठवत नसेलच. बाबांनी शाळेत तुलाच घातलं, त्यामुळे तू सगळं लिहून ठेवून विसरायला मोकळा. मला अक्षरओळख नाही, म्हणून डोक्यात ठेवावं लागतं. (मी सांगते आहे, सूनबाई मेधा लिहिते आहे. ती मध्येच हसते, ते लिहू नकोस म्हणून बजावलंय.) तुझ्या गुडघ्याचं विचारत नाही, ते तुझी बायको मीनल खरं सांगेल.

आता बसून घे. तू दारूबंदी खात्यात जन्म काढलास, हातभट्टीची मडकी फोडलीस, आणि तुझा सख्खा भाचा श्रीनिवास इथे फ्लॅटमध्ये बिअर करतो. घाबरू नकोस, परवाना काढलाय. घरच्यापुरती करायची, विकायची नाही, असा इथला नियम आहे.

करतात कशी, तेही ऐक. तुझ्या खात्याने तुला नुसती फोडायलाच शिकवली. गहू आणि जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवून भाजायचे. नात आर्या तान्ही होती तेव्हा तिच्यासाठी मी नाचणीचं सत्त्व करायचे, तसंच. (भाजलेले मोड श्रीनिवासला तयार पाकिटात मिळतात.) मग भरडून गरम पाण्यात मुरवायचे, की गोड पेज होते. ती गाळून उकळायची, उकळताना हॉप्स नावाची कडू फुलं टाकायची, काढ्यात टाकतो तशी. गार झाली की पिंपात ओतून यीस्टचं विरजण लावायचं. पिंपाच्या झाकणातून एक नळी पाण्याच्या भांड्यात सोडायची, ती बुडबुडते. म्हणजे सत्त्व, पेज, काढा आणि विरजण. हेच मी पन्नास वर्षं केलं तेव्हा त्याला स्वयंपाक म्हणत; श्रीनिवास करतो तर हॉबी.

हे सगळं त्याच्या जर्मन साहेबासाठी चाललं होतं. नोकरीचा करार वाढवायचा की नाही ते त्याच्या हाती. नाही वाढला तर इथे राहायचा पास गेला, फ्लॅट गेला, आर्याची शाळा गेली. साहेब जेवायला येणार, त्याला त्याच्या मुलखाची बिअर पाजायची, असा बेत. पिंप ठेवलं एसीच्या खोलीत. (मला पंखा, पिंपाला एसी.) आणि एसीला हात लावू नकोस असं मला बजावून चिरंजीव ऑफिसच्या कामाला हाँगकाँगला गेले.

मी आत डोकावले तर पिंप गारठलेलं, बुडबुड अगदी मलूल. पद्माकर, तूच सांग, थंडीत इडलीचं पीठ आपण उघडं ठेवतो का? मी एसी बंद केला आणि पिंपाला माझी गोधडी गुंडाळली. तासाभरात असं काही खदखदू लागलं की नळी उडाली आणि फेस गोधडीभर. आर्या म्हणाली, "आजी, बनाना स्मेल लाह." (इथे बोलताना शेवटी लाह लावतात.) खरंच पिकल्या केळ्यांचा घमघमाट सुटला होता. श्रीनिवास यायच्या दिवशी एसी परत लावला, गोधडी काढली, आणि मी जप करत बसले.

पुढे बाटल्या भरल्या, मुरल्या. साहेब यायच्या सकाळी श्रीनिवासने घोट घेतला आणि उरलेला ग्लास मोरीत ओतला. सगळी केळी झालीत म्हणाला. यीस्टला शिव्या दिल्या, पाण्याला दिल्या. मला विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. दुसरी करायला वेळ नव्हता, आणि घरचीच पाजतो असं साहेबाला सांगून बसलेला, त्यामुळे विकतची आणायची सोय नव्हती. साहेबाने ग्लास तोंडाला लावला, डोळे मिटले. मेधाच्या हातातला डाव तसाच राहिला. मग तो म्हणाला (मेधाने मला सांगितलं), त्याच्या गावी त्याचा काका अशीच केळ्याच्या वासाची करायचा, इतक्या वर्षांत इथे कुठे मिळाली नव्हती. झालं. सकाळी रडकुंडीला आलेला मुलगा साहेबाला तापमान कसं सांभाळायचं यावर व्याख्यान देऊ लागला. मी चकल्या वाढत होते.

करार वाढला. मी मात्र त्या बिअरला जीभ लावलेली नाही. तुझी बहीण आहे मी.

तुझी,
ताई

ता. क. साहेब दिवाळीला पुन्हा येतोय, त्याला तश्शीच हवी. श्रीनिवासने एसी लावून परत केली; केळ्याचा मागमूस नाही, आता एसी अजून वाढवतोय. माझी गोधडी मेधाने मशीनमध्ये धुतली, तिच्या चिंध्या झाल्या. तेव्हा ज्या हातांनी मडकी फोडलीस, त्याच हातांनी आईची जाड गोधडी पाठव. श्रीनिवासला कळवू नकोस. हे तेवढं विसर.

ता. क. गोधडीत गुंडाळून मीनलच्या हातची चकलीची भाजणी पाठव. ओवा नेहमीपेक्षा जास्त घालायला सांग. मी न चाखलेल्या त्या बिअरबरोबर ओवा फार छान लागतो.