फाटकासमोरचं झाड

अहो,

झाड तोडू नका म्हणून तुम्ही लिहिलेली हरकत द्यायला मी वॉर्ड ऑफिसात गेले होते. कारकुनाने झाड तोडा म्हणून आलेली मूळ तक्रारच पुढ्यात ठेवली. अक्षर तुमचं, सही तुमची, आणि तारीख आई त्या मुळांना अडखळून पडल्या त्या आठवड्यातली. तेव्हा रागाच्या भरात लिहून विसरलात, की विसरल्यासारखं करताय? हरकत दिली नाही, फ्रिजवर ठेवलीय. तक्रार मागे घ्यायची तर तुम्हालाच पाचच्या आत जावं लागेल. मी आईंना घेऊन दवाखान्यात जातेय.

झाड वाचवायच्या समितीचे लोक सहाला आपल्याकडे येतायत. तक्रार कोणी केली ते शोधून काढायचंय म्हणे. बैठक तुम्हीच बोलावलीय.