कापलेल्या टेपमधली ओळ

ता. ३ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर गाठायचा नाद मी सोडलाय. कधीही केला तरी वहिनीच उचलते आणि तू आंघोळीला गेलेला असतोस. लहानपणी एवढ्या आंघोळी केल्या असत्यास तर आईचा घसा वाचला असता. म्हणून हे पत्र.

आता खुर्ची घट्ट धर. आपल्या टेपवरचा घोगऱ्या येतोय, गायला! माझ्या कामाच्या जागेपासून दोन गल्ल्यांवर एक तळघरातला क्लब आहे, तिथे, बावीस तारखेला. भिंतीवर त्याचा फोटो पाहिला आणि मी भर रस्त्यात अशी थबकले की मागचा माणूस येऊन आदळला. बाबा ज्याला केकाटणं म्हणायचे, ते समोर उभं राहून ऐकायचं, असं आपण किती वर्षं घोकतोय! मी दोन तिकिटं काढून मोकळी झालेय. तू फक्त गाडीत बस. दिवसभर लोकांच्या कवळ्या घासून घासून माझा जीव विटलाय, दादा. तू आलास तर फार बरं वाटेल.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो घेऊन ये.

तुझी,
बिट्टी

---

ता. ९ नोव्हेंबर

चि. बिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून अंगावर काटा आला, खोटं सांगत नाही. पण मला जमायचं नाही गं. छापखान्यात कॅलेंडरांचं काम अंगावर आलंय, मालक सुट्टीचं नाव काढू देत नाही. त्यात हे गुडघे. तुझ्या त्या तळघरात बसायला खुर्ची नसणार, आणि अर्ध्यातून मला उचलून न्यायची वेळ तुझ्यावर यायची.

तू मात्र जा. माझं तिकीट कुणालातरी दे. आणि आल्यावर सगळं लिही. फोन नको, लिहीच. तो अजून लोकांकडे पाठ करून उभा राहतो का? ड्रम वाजला की छातीत बसतो का? आपलं गाणं म्हणाला तर कसं म्हणाला, ते तर अगदी बैजवार लिही. हवं तेवढं पाल्हाळ लाव, मी पुन्हा पुन्हा वाचीन.

रागावू नकोस. लोभ आहे तिथेच राहू दे.

तुझा,
दादा

---

ता. २३ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस म्हणालास, पण मी रागावलेय. तुझं तिकीट मी कुणालाही दिलं नाही. ते कोटाच्या खिशात घेऊन एकटीच गेले. दारावरच्या माणसाने विचारलं की मुलीला न्यायला आलात का. मी तिकीट दाखवल्यावर बिचारा ओशाळला.

पाल्हाळ हवंय ना, मग घे. तळघर कोंदट, जमीन चिकट, भिंतींना ओल आलेली. गर्दी होईल म्हणून मी लवकर गेले होते. गर्दी कसली, अर्धी जागा रिकामी. आलेले बहुतेक आपल्याच वयाचे, टक्कल पडलेले, कंबरेला हात लावून उभे. तो आला तो स्टुलावर बसला. पाठ करूनच बसला, पण ती ऐट नव्हती. वाकलेली, थकलेली पाठ होती. हात कापत होते. दोन गाणी त्याने अर्ध्यावर सोडली. कुणीतरी मागून पैसे परत मागितले तेव्हा मला त्या माणसाच्या कानाखाली द्यावीशी वाटली. मध्येच घोगऱ्या वळला आणि मी पाहिलं, त्याचे वरचे दात कवळीचे आहेत. ढिली बसवलीय, गाताना जागची हलते. माझ्याकडे आला असता तर नीट बसवून दिली असती. ड्रम मात्र छातीत बसतो, दादा. बरगड्यांतून आरपार जातो.

मग आपलं गाणं. बाकीची वाद्यं थांबली, फक्त गिटार. तुला आठवतं ना, रेकॉर्डरने आपली टेप खाल्ली होती, आणि तू चुरगळलेला तुकडा ब्लेडने कापून दोन टोकं चिकटपट्टीने जोडली होतीस? त्या तुकड्याबरोबर एक ओळ गेली. पुढे ती टेप बाजारात अख्खी मिळायला लागली म्हणे, पण आपल्याला आपलीच पुरे होती. तर घोगऱ्याने म्हटलं, ‘खुर्च्या उलट्या झाल्या, दिवे गेले.’ तळघर चिडीचूप. आणि मी, आपल्या सवयीने, एक श्वास घेऊन, एकटीच, खच्चून म्हटलं, ‘मी अजून इथेच आहे!’

सगळे वळून बघायला लागले. हशा पिकला. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. घोगऱ्याने माइकमधून सांगितलं की बाई, असाल इथेच, पण जरा दम धरा. मग गिटारची सुरावट त्याने पुन्हा वाजवली आणि ती ओळ म्हटली, दादा. आपली ओळ! एवढी वर्षं ती तिथे होती आणि आपण तिच्यावरून उडी मारून पुढे जात होतो. मी तोंडावर हात ठेवून रडले. शेजारची जागा रिकामी होती म्हणून जास्तच रडले.

ती ओळ मी लिहिणार नाही. मला ती तुला म्हणून दाखवायचीय. रविवारी सकाळी फोन करते, त्या दिवशी पारोसा राहा.

लोभ कमी होऊ देऊ नकोस, माझा राग होईल कमी.

बिट्टी

---

ता. २८ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

रविवारी फोन करू नका. त्या सगळ्या आंघोळी माझ्या पदरच्या होत्या.

तुमच्या दादांना ऐकू येत नाही. गेल्या वर्षी एक कान गेला, उन्हाळ्यात दुसराही. सगळा जन्म छपाईच्या त्या मशीनच्या घरघरीत काढला, डॉक्टर म्हणाले त्याचंच हे. कानात यंत्र घालून पाहिलं, नुसती खरखर. छापखान्यात जातात अजून. मशीनवर तळहात ठेवून ती नीट चाललीय का ते ओळखतात. तुम्हाला कळवायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती. बिट्टीला आपलं गाणं तरी सुखाने ऐकू दे, म्हणाले.

तुमचं पत्र त्यांनी खिडकीत उभं राहून वाचलं. ड्रमपाशी आले तेव्हा छातीवर हात ठेवला. शेवटचा भाग वाचून झाल्यावर पत्र माझ्या हातात दिलं आणि रात्री जेवले नाहीत. मी शपथ मोडली. मला हे एकटीला सोसत नाही हो.

लोभ आहे, म्हणूनच लिहिलं.

तुमची,
वहिनी

---

ता. ६ डिसेंबर

चि. बिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

ओळ लिहून पाठवते, असं तू वहिनीला कळवलंस. नको पाठवू.

तुला वाटेल मी चिडलोय. तसं नाही. यायची इच्छा फार होती. पण तिथे उभं राहून सगळ्यांची नुसती तोंडं हलताना बघायची मला भीती वाटली. आता मी जे पूर्वी ऐकलंय तेवढंच ऐकू शकतो. मशीनवर हात ठेवला की आपलं गाणं डोक्यात सुरू होतं, स्वच्छ. दिवे जातात, मग ती उडी येते, मग तू. घोगऱ्याच्याही आधी तू. तो तुझा लहानपणचा आवाज आहे, बारीक आणि जरासा बेसूर. नवी ओळ तू लिहिलीस तर मला तिचे शब्द कळतील, पण ती म्हणणार कोण? माझ्या डोक्यात ती कुणाच्याच आवाजात नाही. मग तिथे शांतता होईल, आणि शांतता माझ्याकडे भरपूर आहे.

तू मात्र ये. समोर बस आणि आपल्या टेपसारखं म्हण, उडी मारून. त्या उडीआधी तू खांदे वर करून श्वास घेतेस, नेहमीच घ्यायचीस. तो मला दिसेल. मग मी तुझ्याबरोबर म्हणीन.

लोभ पत्रातून पुरे झाला, आता समक्ष ये.

तुझा,
दादा