अक्काच्या न फुटलेल्या बांगडीबाबत

मु. हिंगणघाट,
९ डिसेंबर १९८३

ती. महादेवभाऊ यांचे चरणी मावसभाऊ श्रावणचा दंडवत.

तुमचा दमा कसा आहे? कलकत्त्याची हवा दमट, त्यात तुम्ही रेल्वेतून रिटायर झाल्यावरही गावाकडे यायचं नाव काढत नाही. वहिनींचे गुडघे बरे असतील. ही चौकशी मनापासून आहे बरं का. पुढचा मजकूर वाचून ती खोटी वाटेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. इकडे कांता आणि मुलं ठीक आहेत. मी ठीक नाही. आपल्या आनंदाअक्काचे यजमान, रोहण्याचे रामाजी, गेल्या महिन्यात वारले. कोपरा फाडलेलं कार्ड तुम्हाला मिळालंच असेल. ते मीच टाकलं होतं. पण कार्डावर मावलं नाही (आणि मावलं असतं तरी लिहायची हिंमत नव्हती) ते आज लिहितो. वाचून मला शिव्या द्यायच्या असतील तर खुशाल द्या. त्यातल्या अर्ध्या मात्र तुम्ही घ्या, कारण दगडाचा नाद मला तुम्हीच लावलात.

आठवा, चार वर्षांपूर्वी तुम्ही मला बारा पानांचं पत्र लिहिलंत. विषय काय, तर नवशिक्यानं अस्सल नेफ्राइट जेड, म्हणजे चिनी लोकांचा तो हिरवट मोलाचा दगड, कसा ओळखावा! कलकत्त्याच्या कोण्या चिनी दुकानदाराशी तुमची दोस्ती झाली, त्यानं तुम्हाला शिकवलं आणि तुम्ही मला. मी बापडा शाळेच्या प्रयोगशाळेत बीकर धुणारा माणूस. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रयोगाची भांडी घासायची, स्वतःचा प्रयोग एकही नाही. पत्र वाचून मला वाटलं, चला, आता आपल्यालाही काही तरी कळतं. हिंगणघाटात जेड कुठून येणार, हा प्रश्न तुम्हालाही पडला नाही आणि मलाही नाही.

मग मी हिरवं दिसेल ते गोळा करत सुटलो. जत्रेतल्या अंगठ्यांचे खडे आणले. फरशीच्या कारखान्याबाहेर पडलेला एक तुकडा आणला. एका फकिरानं ‘असली यशब है’ म्हणून दिलेला ताईत आणला (यशब म्हणजे त्यांच्या भाषेत जेडच). शाळेच्या तराजूवर आधी हवेत तोलायचा, मग पाण्यात बुडवून तोलायचा. पाण्याच्या तिप्पट जड भरला तर आशा, नाही तर डब्यात. भिंगाखाली धरला की आत बुडबुडे. बुडबुडे म्हणजे काच! काचेवर ओरखडा उठतो का हे बघायला मी कांताच्या कपाटाचा आरसा वापरला. (त्या दिवसापासून आमच्या घरात तिचा चेहरा मधोमध चिरलेला दिसतो, आणि त्याचं खापर ती तुमच्या नावावर फोडते.) चार वर्षांत बिस्किटाचा डबा भरला. अस्सल म्हणून शपथेवर सांगता येईल असा एक खडा नाही. पण गावात माझं नाव ‘दगडाचे मास्तर’ पडलं, आणि खरं सांगतो भाऊ, ते मला आवडायचं.

अशात गेल्या वर्षीच्या भाऊबिजेला तुम्ही अक्काला ती बांगडी पाठवलीत. अखंड दगडाची. साबण लावून, हात दाबून दाबून तिनं ती चढवली. मला निरोप आला तसा मी डबा सायकलला बांधून एस.टी. स्टँडवर गेलो आणि संध्याकाळी रोहण्याला पोचलो. बघतो तर काय, बांगडी हिरवी नाहीच! चरबीसारखी पिवळट पांढरी, त्यात हिरव्याची नुसती झाक. माझं तोंड तिथंच वाकडं झालं. गालाला लावून पाहिली. तुम्ही लिहिलं होतं, अस्सल जेड थंडगार लागतं. ही कोमट. (कोमट नसेल तर काय! अक्का तास झाला चुलीपुढं भाकरी थापत होती आणि बांगडी तिच्या हातात होती. पण एवढी अक्कल असती तर मी बीकर कशाला धुतले असते?) मग चाकूचं टोक ओढलं. रुपेरी रेघ उठली. संपलं! चाकूनं ओरखडा उठतो ते जेड नव्हे. सगळ्या घरादारासमोर मी जाहीर केलं, अक्का, ही नकली आहे, महादेवभाऊंना फुटपाथवर कोणी तरी गंडवलं. रामाजी पोट धरधरून हसले. अक्कानं पिठाचा हात बांगडीवरून फिरवला आणि भाकरी उलटवली.

आता रामाजी गेले. दहाव्या दिवशी नाल्यावर बायांनी अक्काला बसवलं. तुम्हाला माहीतच आहे काय करतात ते. काचेच्या बांगड्या दगडावर ठेवून फोडल्या, त्या फुटल्या. ही फुटेना. रामाजींच्या आत्या अनुसयाबाई, स्वतः चाळीस वर्षं विधवा, त्यांनी तीन वेळा गोटा हाणला. “हे काऊन फुटून नाई राह्यली वो? बोलवा त्या श्रावणले, थो दगडाचा मास्तर हाय ना!” पुरुषांनी तिथं जायचं नसतं. पण मास्तर म्हटल्यावर मी गेलो. लाज वाटते लिहायला. मी वर म्हणालो, नकली माल आहे, एका ठोक्यात जाईल. आणि भाऊ, मी हाणला. आपल्या अक्काच्या मनगटावर मी हाणला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जोरात. तिनं दात आवळले, हात मागं घेतला नाही. तिसऱ्या ठोक्याला माझ्या हातातल्या गोट्याची कपची उडाली. बांगडीवर नाल्याचं पाणी ओतून मी बोट फिरवलं तर चरासुद्धा नाही. चाकूची ती जुनी रेघही कुठं दिसेना! ती रेघ दगडावर पडलीच नव्हती, चाकूचंच लोखंड दगडाला लागलं होतं. (घरी येऊन तुमचं पत्र काढलं. नवव्या पानावर लिहिलंय की रेघ आधी पुसून पाहावी. मी सहाव्या पानावरच तज्ज्ञ झालो होतो.)

आणि तेव्हा मी काय केलं माहीत आहे? दहाव्याला, नाल्यावर, सुजलेल्या मनगटाची बहीण पुढ्यात असताना मी ओरडलो, “अस्सल आहे! अरे, अस्सल आहे!” चार वर्षांत पहिलं अस्सल जेड हाती लागलं होतं हो. तिकडं उभे असलेले सगळे पुरुष वळून बघायला लागले. असा नालायक माणूस तुमचा भाऊ आहे.

अनुसयाबाई पुन्हा गोटा उचलणार, तेवढ्यात अक्का बोलली. दहा दिवसांत पहिल्यांदा. “काचाच्या त्याईच्या नावाच्या होत्या, त्या फुटल्या. हे माह्या भावानं भाऊबिजेले धाडली. माहे भाऊ जित्ते हायत ना? मंग याले कोनी हात लावू नका.” एवढं म्हणून ती उठली आणि ओल्या लुगड्यानं घराकडे चालू लागली. तिच्यामागं जायची एकाही बाईची छाती झाली नाही. मी तिथंच पाण्यात गोटा धरून उभा.

मनगट मोडलेलं नाही, आर्वीच्या डॉक्टरनं सांगितलं. मला रोज ते स्वप्नात दिसतं. दगडांचा डबा मी नाल्यात रिकामा केला. यापुढं मला काही शिकवू नका.

वहिनींना नमस्कार. लहान-मोठ्यांस यथायोग्य.

तुमचा,
श्रावण

ता.क. मुख्य काम लिहायचं राहिलं. माझं ते ओरडणं रामाजींचे थोरले भाऊ तानबाजी यांनी ऐकलं. आता ते म्हणतात, “अस्सल हाय त मंग घरान्यात राह्यली पायजे, माह्या सुनेच्या हातात घालू.” घाई नाही म्हणतात. विधवेनं एक वेळ जेवायचं असतं, चार-सहा महिन्यांत हात वाळेल, बांगडी आपोआप निघेल. हे त्यांनी माझ्यादेखत, पानाला चुना लावत सांगितलं. म्हणून हात जोडून विनंती की तुम्ही ताबडतोब रोहण्याच्या पत्त्यावर कार्ड टाका. मोठ्या अक्षरात लिहा की बांगडी नकली आहे, फुटपाथवर घेतली होती, श्रावण मूर्ख आहे, त्याला दगडातलं काही कळत नाही. पाकीट नको, उघडं कार्डच हवं. पाकीट तानबाजी फोडत नाहीत, पण दुसऱ्याचं कार्ड वाचल्याशिवाय सोडत नाहीत. तुम्ही जन्मात खोटं लिहिलं नाहीत, ठाऊक आहे. एवढं एक लिहा.

ता.ता.क. अक्काला हे कार्डाचं सांगितलं. ती म्हणाली, कार्ड टाकायचं त टाकू दे, पन भाऊले म्हन दुसऱ्या हातासाठी बी एक धाडजो. सोबत सुतानं घेतलेलं माप पाठवतो आहे. तिनं सांगितलंय, मापापेक्षा थोडी लहानच बघा, एकदा चढली की कोणाच्यानं उतरू नये अशी.