जुन्या चाळणीचं ढोलकं

प्रिय अँब्रोजदादा,

माझं शुद्धलेखन बघून हसू नकोस, आणि तुझ्या त्या वकील मित्रांना तर हे पत्र मुळीच दाखवू नकोस. नऊ वर्षांची असताना माझं शिकणं सुटलं, तेव्हापासून हातात टाक येतो तो फक्त मुरांब्याच्या बरण्यांवर नावं घालायला. सोमवारी लिहायला बसले, आज बुधवार उजाडला. पण तोंडाने सांगायचं तर तेही मला जमत नाही, हे तुला माहीतच आहे.

आई बरी आहे. म्हणजे, चालतेफिरते. आपल्या सावत्र भावाने, जाईल्सने, परत निरोप पाठवला होता, "कागद असेल तर दाखवा, नाहीतर नाताळच्या आत घर रिकामं करा." आईने निरोप्याला दारातच उभं केलं आणि म्हणाली, "त्याला म्हणावं, ह्याच बागेतले कच्चे पेअर चोरून खाल्लेस तेव्हा रात्रभर तुझं पोट कोण शेकत बसलं होतं, ते आठव." तो बिचारा टोपी चुरगाळत उभा. मग म्हणतो, "बाईसाहेब, एवढं सगळं माझ्या लक्षात नाही राहायचं." मी दाराआड हसले. आई नाही हसली. हल्ली ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगते. लग्नात बाबांनी हे घर आणि बाग तिला जन्मभरासाठी लिहून दिली, एकाच कातड्यावर दोनदा मजकूर लिहून मधून नागमोडी कापला, अर्धा तिला, अर्धा बाबांना. बाबा वारल्यावर त्यांचा अर्धा जाईल्सकडे गेला, तो म्हणतो असं काही नव्हतंच. आणि आपला अर्धा कागदपत्रांच्या पेटीत नाही.

पेटीची किल्ली हॉबडेकडे असायची, म्हणून सगळं त्याच्यावर आलं. सव्वीस वर्षं कारभार बघितला, आणि सप्टेंबरअखेर, सणाचा हंस शिजतो त्या दिवशीच, आईने त्याला काढून टाकलं. "किती दिले रे जाईल्सने तुला?" एवढंच विचारलं तिने. त्याने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि तो गेला. आता गिरणीजवळ बहिणीकडे राहतो. परवा मी चीज घेऊन गेले, तर म्हणतो, "या या, थॉमसिनताई! चोराच्या घरी आलात, निघताना चांदीचे चमचे मोजून ठेवलेत ना?" आणि स्वतःच हसला. मग तुझं विचारलं. "अँब्रोजसाहेब वकील होणार, आणि पहिली साक्ष माझ्याच विरुद्ध देणार म्हणे. बरंय. मीच त्यांना घोड्यावर बसायला शिकवलं होतं." बहीण म्हणाली, तो आता चर्चमध्ये मागे उभा राहतो. मला काहीच बोलता आलं नाही. चीज ठेवलं आणि आले.

तुला ती थंडी आठवते का, मी सहा वर्षांची होते? पाहुणे आले की मी टेबलाखाली जाऊन बसायचे, आणि आत्या म्हणायची, "ही मुकी आहे का गं?" तेव्हा तू जुन्या चाळणीच्या कड्याला कातडं ताणून मला ढोलकं करून दिलंस. म्हणालास, "बोलायला होत नाही ना, मग हे वाजव. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, तीन म्हणजे अँब्रोज, लवकर ये." आणि तू यायचास, तबेल्यातून, बागेतून, एकदा तर अर्धं जेवण सोडून. तू लंडनला निघालास त्या दिवशी मी वरच्या खिडकीतून तीन ठोके दिले होते. तू घोडा वळवून टोपी हलवलीस. आला नाहीस, पण टोपी हलवलीस.

ते ढोलकं स्वयंपाकघरात चुलीच्या वर टांगलेलं असायचं. गेल्या आठवड्यात सफरचंदं शिजवताना वाफेने कातडं सैल झालं. ताणून बांधावं म्हणून एका बाजूची दोरी सोडली, तर आतल्या बाजूला अक्षरं. लॅटिन मला येत नाही, दादा, पण आईचं नाव येतं. खाली बाबांची सही, तिची ती लांब शेपटी. आणि एक कड नागमोडी. इतकी वर्षं मला वाटायचं, तुझी कात्री वाकडी चालली. मग सगळं आठवलं. हॉबडे जेवून घोरत होता, तू त्याच्या पट्ट्याची किल्ली काढून पेटी उघडलीस, मी दारात पहारा देत होते. "तळाशी अशी कातडी पुष्कळ पडलीत, कुणाला कळतंय," म्हणालास. त्या कातड्याला लटकणारं लाल लाखेच्या शिक्क्याचं चकतं तू मला दिलंस, माझ्या बाहुलीची ताटली म्हणून. तेही मी जपून ठेवलंय. नोव्हेंबरात, सेंट मार्टिनच्या सणानंतर, तू कोर्टात शपथेवर सांगणार आहेस की त्या पेटीला हॉबडेशिवाय कुणाचाही हात लागला नाही. सांगू नकोस. तू विसरलायस, खोटारडा नाहीस, पण सांगू नकोस. दोनदा आईच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. म्हणून उद्याच्या लंडनच्या घोडागाडीने ढोलकं आणि ताटली पाठवतेय, तुझ्या जुन्या सदऱ्यात गुंडाळून. बाकीची दोरी मी सोडली नाही, फाटेल अशी भीती वाटली. तू तिथे मोठ्या लोकांसमोर सोड. गाडी निघाली की आईला सांगेन, मग हॉबडेकडे जाईन, आणि ह्या वेळी बोलेन. बांधण्याआधी एकदाच वाजवलं. तीन ठोके.

तुझीच,
थॉमसिन

ता. क. काळ्या डुकरिणीला अकरा पिल्लं झाली, त्यातलं एक अगदी पांढरं आहे.